सव्वादोनचा चुडा

"मूठ सोड गं उजू," अक्का म्हणाली.

उजूनं मूठ सोडली नाही. मांडवात पाटावर बसलेली, अंगावर पिवळी साडी, केसांत गजरा, आणि हात मांडीवर आवळून धरलेला. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. बांगड्या भरण्यात तिचा हात धरणारी बाई त्या वेळी सगळ्या बार्शीत नव्हती, मी सोडून. तिनं हिरव्या बांगड्या दोरीतून मोकळ्या केल्या होत्या, तेलाची वाटी जवळ ओढली होती. भोवती शेजारपाजारच्या दहाबारा बाया, सगळ्यांच्या माना आमच्याकडे.

"अगं, उद्या सकाळी लग्न, आज चुडा नको भरायला? मूठ सोड की."

"आई भरणार असेल तर सोडते," उजू म्हणाली. "नाहीतर नाही."

झालं! बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्कानं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. मांडवाला छत ते काय, ताडपत्री होती नुसती, पण कुठंतरी बघायला पाहिजे ना.

मी कासारीण. माहेरची पण कासार आणि सासरची पण. लग्नाला आले तेव्हापासून बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात बसून बांगड्या भरत आले. बार्शीतल्या बायकांची तोंडं मी विसरेन एखादवेळेस, हात नाही विसरायची. कुणाचा अंगठा आडमुठा, कुणाचं हाड रुंद, कुणाचा हात लोण्यासारखा, सगळं बोटांना ठाऊक. नवऱ्या मुली मुद्दाम माझ्याकडं यायच्या, कारण मी माप सोडत नसे. सव्वादोनचा हात असला तर सव्वादोनचीच बांगडी, भले डोळ्यांतून पाणी येवो. ढगळ बांगडी काय, कुणीही चढवतं. मनगटावर नीट बसलेली बांगडी भरायची, तिला कासारीण म्हणायचं.

आणि अशा बाईच्या पोटच्या पोरीच्या हातात बांगडी नव्हती. वयाच्या सातव्या वर्षापासून नाही.

सात वर्षांची होती तेव्हा पंचमीला हट्ट करून बसली, मला पण हिरव्या भर. मी साबणाचं पाणी केलं, इवलासा हात दाबला आणि भरल्या. नाचली पोर दिवसभर. दिवेलागणीला म्हणाली, आई, हात जड झाला. बघते तर हात फुगत चाललेला! लाल नाही, खाज नाही, गांधी उठल्या नाहीत, नुसता फुगत चाललेला. बांगड्या मांसात रुतल्या. मनगट दिसेना. शेवटी अडकित्ता घेतला आणि एकेक बांगडी वाढवली, फोडली म्हणायचं नसतं. ती रडत होती आणि मी पण. दुसऱ्या दिवशी ओठ सुजला, आवाज बसला. आमचे मालक उशाशी बसून राहिले तिच्या श्वासाकडं बघत. दोन दिवसांनी आली तशी सूज उतरली, जशी कधी आलीच नव्हती.

मग काय, लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? नजर झाली, करणी झाली, देवीचं काहीतरी राहिलंय. आमच्या कालिकामातेला सगळं वाहून झालं. पुढं पण कधी पाय सुजायचा, कधी डोळा, कधी पोटात अशी कळ उठायची की पोरगी जमिनीवर लोळायची. डॉक्टर अॅलर्जीचं इंजेक्शन द्यायचे, त्यानं काही व्हायचं नाही. मी एवढंच शिकले, की हिचा हात दाबायचा नाही. बादली उचलू दिली नाही, कपडे पिळू दिले नाहीत. गावातल्या बाया हसायच्या, कासाराच्या घरात पोरीचे हात उघडे. हसू देत. हसल्यानं हात सुजत नाही.

कॉलेजात असताना पोट इतकं दुखलं की ऑपरेशनच करायला निघाले होते. कुणाच्यातरी सांगण्यावरून पुण्याला नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. पोट तपासायचं सोडून त्यांनी भलतंच विचारलं, "तुमच्या घरात कुणी अचानक घसा सुजून गेलंय का?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आमचे मालक बोलले. हा माणूस चार दिवसांत चार शब्द बोलतो. दिगंबर नाव, पण मी मनातल्या मनात मौनीबाबा म्हणते. म्हणाले, "माझी बहीण. कुसुम. दाढ काढली होती. संध्याकाळी घसा बंद झाला. एकोणीस वर्षांची होती."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. "आणि तुम्हाला स्वतःला?"

"पोटात येतं कधीमधी. मालाच्या पेटीची दोरी ओढली की तळवा सुजतो. झोपून राहतो मग."

एवढी वर्षं मी ह्या माणसाच्या पोटदुखीला कामचुकारपणा समजत होते! रक्त तपासलं दोघांचं. रक्तात एक घटक असतो, तो यांच्यात जन्मापासून कमी. घराण्यातून येतो, लाखात एखाद्या घरात. बापाकडून लेकीला आला. ते ऐकलं आणि आमचे मालक जे गप्प झाले, ते आधीच्या गप्पपेक्षाही गप्प. परतीच्या एसटीत खिडकीतून बाहेर बघत एकदाच बोलले, "माझ्यामुळं." मी म्हटलं, "माझ्यामुळं तुमच्यामुळं काय, तुम्ही काय बाजारातून आणलं का ते?" पण त्यांना ते लागलं ते लागलंच.

डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल दिली. रोज जेवणानंतर एक. नीट समजावून सांगितलं, "ही आलेली सूज उतरवायची गोळी नाही. सूज येऊच नये म्हणून आहे. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. मधूनमधून रक्त तपासायचं. आणि पुढं लग्न झालं, मूल हवं असलं, तर आधी माझ्याकडं यायचं. तेव्हा ही चालत नाही." मालकांना पण तीच दिली.

आता माझं डोकं धंद्यातलं. मला वस्तू दिसली पाहिजे. मी विचारलं, "बाई, सूज आली नाही, तर ती गोळीमुळं आली नाही की तशीही येणार नव्हती, हे कळायचं कसं?"

त्या हसल्या. "काही झालं नाही, म्हणजे गोळी काम करतेय असं समजायचं."

हे काय उत्तर झालं? उजूनं मात्र ती कॅप्सूल देवाच्या तीर्थासारखी धरली. वर्ष-दीड वर्ष झालं, एक दिवस चुकवली नाही. तिच्यापायी ओठावर लव आली, आवाज थोडा घोगरा झाला. आरशापुढं उभी राहून म्हणायची, "आई, कासाराघरी मिशीवाली पोर. नवऱ्याला म्हणावं, दोघं मिळून पीळ देऊ." मला रडू यायचं आणि ती हसायची. पोटाच्या कळा थांबल्या, डोळा सुजायचा थांबला, हे खरं. पण हाताचं मी मान्यच केलं नाही. ह्या वर्षात तिच्या हाताला मी कशाचा धक्काच लागू दिला नव्हता, मग सूज येणार कुठून?

मालकांनी गोळ्या काही दिवस घेतल्या, मग डबी कपाटात. "मी झोपून राहतो की," म्हणाले. मी तोंड सोडलं. आमच्या धंद्यात ही शिवी देऊ नये, बांगडी म्हणजे आमची भाकरी, पण माझ्या तोंडात ती बसलेली. "साधी गोळी गिळायचा धीर नाही! हातात बांगड्या भरल्यात का?" काही बोलले नाहीत. कधीच बोलत नसत.

मग लग्न ठरलं. पोरगा वैरागचा, कासारच, दुकान चांगलं चाललेलं. आम्ही काही लपवलं नाही, पहिल्याच बैठकीत गोळीची डबी पुढं ठेवली. मुलाची आई म्हणाली, "आमच्यात चौघांना साखर आहे. कुणी सकाळी गोळी घेतं, कुणी रात्री. ही दुपारी घेईल." बाई मोठ्या मनाची. पण जाताना एवढंच म्हणाली, "विहीणबाई, चुडा तेवढा तुमच्या हातचा हवा हं. भावकीत तुमचं नाव आहे."

तेव्हापासून माझी झोप गेली. हिरवा चुडा एकदा नवरीच्या हातात चढला की उतरवत नाहीत. आणि तो हात सुजला तर? ऐन लग्नात पोरीचा हिरवा चुडा अडकित्त्यानं वाढवायचा? सवाष्णीच्या हातचा? आणि सूज हातावरच थांबली तर ठीक, घशाशी गेली तर? मला कुसुमवन्सं आठवायच्या. मी त्यांना बघितलं नव्हतं, फोटोतच, पण त्या रोज आठवायच्या.

डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्यांनी लग्नाआधी काही दिवस डोस वाढवून दिला आणि म्हणाल्या, "भरा खुशाल. फक्त ओठ, घसा सुजल्यासारखा वाटला तर एक मिनिट न दवडता दवाखाना." त्यांना म्हणायला काय जातंय! दाबायचा हात माझा, पोरगी माझी.

म्हणून मी दोन शक्कली लढवल्या. एक, चुडा सव्वादोनचा न काढता अडीचचा काढला. दुसरी, भरायला अक्काला बोलावलं. काही झालंच तर माझ्या हातून नको, एवढंच डोक्यात. आणि आता ही पोरगी भरल्या मांडवात मूठ आवळून बसलेली.

"जरा आत ये गं," मी म्हटलं, आणि तिला माजघरात ओढलं. हाताला धरून नाही, दंडाला धरून. सवयीनं.

"काय तमाशा लावलायस? चार बायांत माझी शोभा!"

"शोभा तूच करतीयस. आई, ते अडीचचे आहेत."

"कुठं?"

"मला येडी समजतेस? कासाराची पोर आहे मी. दुकानात वाढले. माझा हात सव्वादोनचा आहे."

"तुला कसं माहीत तुझं माप? कधी भरलीस का?"

तिनं आपल्या मनगटाकडं बघितलं. मग म्हणाली, "डोळ्यानं दिसतं की. अख्ख्या गावाला मापाच्या भरतेस आणि मला ढगळ? उद्या सासरची सगळी भावकी हाताकडं बघणार. सगळे कासार. म्हणतील, हिला स्वतःच्या पोरीचं माप कळलं नाही."

"म्हणू देत."

"मला नाही चालणार." तिचे डोळे भरले. "लहानपणापासून बघतीय मी. दुकानात येईल त्या पोरीचा हात तू हातात घ्यायचीस, कुरवाळायचीस, बोलायचीस तिच्याशी, सैल सोड बाळ, झालं बाळ, असं. माझा हात कधी घेतलास? पंचमीपासून एकदा तरी? रस्ता ओलांडताना सुद्धा दंडाला धरतेस."

आता हे ऐकून आईनं काय करायचं? मी चिडले. मला तेवढंच येतं. मागच्या दारात मालक उभे होते. बैलाच्या शिंगाला घाम फुटावा असा वैशाखाचा उन्हाळा, आणि हा माणूस लांब बाह्यांचा सदरा घालून, मनगटाची बटणं लावून उभा. गेले दोन महिने हेच ध्यान. मी म्हटलं होतं, मुलीच्या लग्नाचा सदरा आत्तापासून मिरवताय काय.

"अहो, बोला की काहीतरी! पोरगी ऐकत नाही. बापासारखे बाप आणि नुसते खांबासारखे उभे. हातात बांगड्या भरल्यात का?"

उजूनं एकदम पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतीय.

मालक म्हणाले, "सव्वादोनच्याच भर."

"काय?"

"सव्वादोनच्या. तूच भर. काही होत नाही."

"तुम्हाला काय माहीत होत नाही?"

"माहीत आहे," म्हणाले, आणि मागच्या मागं माल ठेवायच्या खोलीत निघून गेले. पंचवीस वर्षांत ह्या माणसानं मला एक गोष्ट ठासून सांगितली नव्हती, आणि आज सांगितली तर ही! पोरगी समोर हात पुढं करून उभी. मूठ उघडी.

दुकान उघडून सव्वादोनच्या काढून आणल्या. त्यातल्या त्यात जुन्या मालातल्या, गुळगुळीत, जराही कंगोरा नसलेल्या. मांडवात आले. अक्का काही न बोलता उठली, तिची जागा मला दिली. जाता जाता कानात पुटपुटली, "अगं पद्मे, पोर तुझी आहे, वैरीण नव्हे."

मी उजूचा हात हातात घेतला.

खरं सांगते, मला तो हात माहीत नव्हता. कुलकर्ण्यांच्या सुनेचा माहीत, तहसीलदारीणबाईंचा माहीत, भाजीवाल्या रुक्सानाचा माहीत, आणि माझ्या पोरीच्या अंगठ्याचं हाड कुठं वळतं हे मला बोटांनी चाचपून बघावं लागलं. मऊ हात. बापासारखी लांब बोटं. तळव्याला तेल लावलं. समोरच्या बाया वाकून बघायला लागल्या.

"आई," उजू हळूच म्हणाली, "म्हण की."

"काय?"

"सगळ्यांना म्हणतेस ते."

मी म्हटलं, "सैल सोड बाळ." तिची बोटं जुळवून धरली. "अंगठा आत घे. हां. दुखलं तर सांग."

पहिली बांगडी बोटांवरून गेली आणि सांध्यापाशी अडली. तिथंच खरं काम असतं. चार बोटं जवळ घ्यायची, अंगठ्याचा उंचवटा दाबायचा आणि श्वास सोडायच्या क्षणी पुढं सरकवायची. मी दाबलं. दाबताना डोळे मिटले. कासारीण डोळे मिटून भरते म्हणजे बघा! बांगडी सरकली आणि मनगटावर जाऊन बसली. अशी बसली की दुसऱ्या कुणी भरली असती तर मी शाबासकी दिली असती.

एकेक करत दोन्ही हात भरले. शेवटची भरून झाल्यावर रीत असते. कासारणीला कुंकू लावायचं, ओटी भरायची, पाया पडायचं. मी उठायला लागले तर उजूनं धरून बसवलं. मला कुंकू लावलं, खण-नारळानं माझी ओटी भरली आणि वाकली. तिचे दोन्ही हात माझ्या पायांवर, आणि त्यांतून बांगड्यांचा आवाज. तो आवाज मी आयुष्यभर विकला, पण माझ्या घरात पहिल्यांदा ऐकला. मग मात्र मी रडले. अक्का पण रडली. भाजीवाली रुक्साना म्हणाली, "अगं बायांनो, लग्न आहे की काय आहे?"

तिथून दुपार सुरू झाली आणि ती काही केल्या सरेना.

अडकित्ता मी कनवटीला खोचून ठेवला होता. सुपारी मी खात नाही. रिक्षावाल्या शेजाऱ्याला सांगून ठेवलं होतं, आज लांबचं भाडं घेऊ नकोस, आणि कारण सांगितलं नव्हतं. उजूनं जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर कॅप्सूल घेतली, पाणी प्यायली, आणि मैत्रिणींत जाऊन बसली. मी दर पाच मिनिटांनी आपली एक खेप घालायची. उजू, जरा तो डबा दे. उजू, ही पिशवी बघ कुणाची. उजू, तुझा गजरा नीट कर बाई. दर वेळी ती हात पुढं करायची आणि मी हात बघायची. शेवटी ती म्हणाली, "आई, हात इथं ठेवू का काढून? तू बस बघत." पोरी फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, "हसा. आई झाल्यावर कळेल."

मालकांचा पत्ताच नव्हता. मध्ये एकदा मागच्या खोलीत काचेचा किणकिणाट झाला. मला वाटलं, मांजर शिरलं मालात. ह्या दोन महिन्यांत तिथं मांजराचा फार सुळसुळाट झाला होता. दोनदा फुटक्या काचा सापडल्या, अडीचच्या पेटीतून बांगड्या कमी झाल्या. मी मालकांना म्हटलं पण होतं, मांजराला काय बांगड्यांचा शौक लागलाय का. ते म्हणाले, "बघतो." बघतो म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

ऊन उतरलं. सूर्य मारुतीच्या देवळामागं गेला. पंचमीला ह्याच वेळेला हात जड झाला होता. मी तुळशीपाशी दिवा लावला आणि उजूला हाक मारली. ती आली, नमस्कार केला. दिव्याच्या उजेडात मी तिचे दोन्ही हात हातात घेतले, उघड उघड, चोरून नाही. बांगडी फिरवून बघितली. फिरली. मनगटाच्या हाडावर अंगठा ठेवला. हाड लागलं. बोटांच्या सांध्यांवर सुरकुत्या होत्या तशाच होत्या.

"जड वाटतंय?"

"नाही."

"ओठ? घसा? बोल बघू काहीतरी."

"काय बोलू? भूक लागलीय."

काहीच झालं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की काहीच न होणं ही केवढी मोठी गोष्ट असते. मी तिला पोटाशी धरलं. ती म्हणाली, "आई, तो अडकित्ता टोचतोय." चोरटी! सकाळपासून तिला ठाऊक होतं.

"बाबांना सांग जा आधी," उजू म्हणाली. "मागच्या खोलीत आहेत. बिचारे वाट बघत असतील."

"वाट कसली?"

"जा तर."

मी गेले. दार लोटलेलं होतं. ढकललं, तर मालक खाली पेट्यांच्या मध्ये बसलेले, सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत वर सारलेली, शेजारी तेलाची वाटी. आणि त्या काळ्या, केसाळ, पेट्या उचलून रुंद झालेल्या मनगटात हिरवी बांगडी. अडीचची. पावणेतीनच्या हातात अडीचची.

मी दारातच उभी राहिले.

"निघत नाही," ते म्हणाले. चोरी पकडल्यासारखे. "रोज निघते. आज घामानं अडकली."

"रोज?"

मग तो माणूस बोलला. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. लग्न ठरलं त्या दिवसापासून त्यांनी कॅप्सूल पुन्हा सुरू केली होती, एकही न चुकवता. ती अंगात मुरू दिली आणि मग एके दिवशी स्वतःच्या हातात बांगडी दाबून चढवली. नुसती दोरी ओढली तरी सुजणारा तो हात! उजूनं त्यांना एकदा तेलाची वाटी नेताना धरलं, मग तिला पण सांगावं लागलं. पहिल्या दोन फुटल्या. तिसरी बसली. ती घालून दिवस काढला, लांब बाहीच्या आत. हात सुजला नाही. मग रोज. आज हा हात, उद्या तो. कधी मुद्दाम जास्त दाबून.

"उजूला मी बांगडीला हात लावू दिला नाही," ते म्हणाले. "ती म्हणत होती, माझ्यावर करून बघा. म्हटलं, नाही. माझं रक्त आणि तिचं रक्त एकच आहे. माझ्याकडूनच गेलंय तिला. आधी माझ्यावर."

"आणि आज? आज कशाला घातली? आज तर तिला भरायच्याच होत्या."

ते खाली बघून बांगडी फिरवायला लागले. "आज पहाटेच भरली. तिच्या आधी. म्हटलं, सुजायचाच असला तर माझा हात आधी सुजेल. मग तुला येऊन सांगता येईल, भरू नको म्हणून. तू सकाळी बोलावलंस, तोवर काही झालं नव्हतं. म्हणून म्हटलं, भर."

ज्या तोंडानं दिवसरात्र त्या माणसाला टोचलं, ते तोंड वाळून गेलं. मी त्यांच्यापाशी खाली बसले आणि तो हात मांडीवर घेतला. पंचवीस वर्षं संसार केला, पण त्या हाताचं माप मी कधी घेतलं नव्हतं. कासारणीला पुरुषाच्या हाताचं माप कशाला लागतंय?

"काढ ना," ते म्हणाले. "वाढव नाहीतर. अडकित्ता आहे की तुझ्याकडं."

म्हणजे हे पण ह्यांना ठाऊक! सगळ्या घराला ठाऊक!

मी अडकित्ता काढला आणि लांब कोपऱ्यात फेकला. "सवाष्णीच्या घरात उद्या लग्न आहे," मी म्हटलं. "आज हिरवी बांगडी वाढवायची नाही. राहू दे."

"अगं, लोक बघतील."

"बघू देत. बाही खाली करा आणि जेवायला चला. गोळी घेतलीत का?"

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर लग्न लागलं. कन्यादानाला आम्ही दोघं बसलो. भटजींनी हातावर पाणी सोडायला सांगितलं. मालकांनी हात उचलला, ओली होऊ नये म्हणून भटजींनीच त्यांची बाही मागं सारली, आणि बांगडी खळकन पुढं आली. भटजींचा मंत्र अडखळला. मांडवात कुजबुज झाली, कुणीतरी हसलं. आमचे मालक कानापर्यंत लाल. उजू मान खाली घालून, पण तिचे खांदे हलत होते, हसण्यानं की रडण्यानं ते मला आजही ठाऊक नाही.

विहीणबाई माझ्याकडं वाकल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, व्याह्यांच्या हातात बांगडी?"

मी काही हळू बोलले नाही. सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हटलं, "हो. अडीचची आहे. पावणेतीनच्या हातात अडीच चढलीय, काल पहाटेपासून. बघा, सूज आहे का कुठं?"

विहीणबाई सुद्धा कासारीणच. त्यांनी मालकांच्या मनगटाकडं बघितलं, मग शेजारी उजूच्या हातांकडं, सव्वादोनच्या त्या हिरव्या चुड्याकडं. परत मालकांच्या मनगटाकडं. त्यांना किती समजलं कोण जाणे, पण डोळे पुसत त्या म्हणाल्या, "नाही हो. छान बसलीय."